रॉकेल, मिशेरी आणि लिंबू

चंदा,

गेल्या आठवड्यात दादरला तुझी शोकसभा झाली. पंख्याखालच्या खुर्च्या आधीच भरल्या होत्या, म्हणून मी भिंतीकडेला बसलो. समोर टेबलावर हार घातलेला तुझा फोटो. तो कुणी कुठून मिळवला कोण जाणे, त्यात तू तोंड मिटून बसली आहेस. तोंड मिटलेली चंदा जगात फोटोपुरती का होईना अस्तित्वात आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. मग एक सद्गृहस्थ उठले, त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाले, "डॉक्टर मॅडम म्हणजे अतिशय शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व..."

मी हसलो. तुझ्या शोकसभेत मी मोठ्याने हसलो. लोकांना वाटलं हुंदका आला. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मी तो हुंदका व्यवस्थित पूर्ण केला. सुरू केलेला प्रवेश अर्ध्यावर सोडायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे.

मलाही बोलायला लावलं. मी जे बोललो ते तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "कारकुना, अर्ज वाचून दाखवतोस काय?" जे खरं बोलायला हवं होतं ते मला तिथे ठाऊकच नव्हतं. ते कळलं त्यानंतर, तुमच्या कोळीवाड्यात, तुझ्या आईच्या ओटीवर. तिथे मी आपलं इतक्या वर्षांचं भांडण हरलो. तू असतीस तर माझ्या हरण्याची गोष्ट साऱ्या परळला ऐकवली असतीस. तू नाहीस, तेव्हा मीच सांगतो. निदान जरा सजवून सांगता येईल.

आपण दोघं हाऊसमन, म्हणजे वॉर्डात राबणारे नवशिके डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. गिरण्यांचा संप संपला असं कुणी म्हटलं नव्हतं, पण भोंगे वाजत नव्हते. परळच्या आपल्या हॉस्पिटलच्या ओपीडीत पूर्वी गिरणीचे लोक पाळी सांभाळून यायचे. आता कधीही यायचे, कारण जायचं कुठेच नव्हतं. बाकावर बसून राहायचे. औषध घेऊनही बसून राहायचे.

तू मला 'कारकून' म्हणायला लागलीस ते पहिल्याच आठवड्यात. त्यात तुझी चूक नव्हती. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आजोबा कारकून, वडील कारकून, दोन्ही काका कारकून. घरात भांडणसुद्धा 'आपल्या कालच्या बोलण्यास अनुसरून' या चालीवर व्हायचं. मी पेशंटची हकीकत लिहायचो ती अशी की वाचणाऱ्याला वाटावं, माणूस आजारी नाही, त्याची बदली झाली आहे. आधी काय, मग काय, त्यानंतर काय, सगळं ओळीने. तू मात्र मधूनच कुठून तरी सुरुवात करायचीस. "मावशी, पोराशी भांडण झालं काय?" आणि मावशी पोटदुखी सोडून पोराचं सांगायला लागायची, आणि त्या पोरातूनच तू शेवटी पोटापर्यंत पोचायचीस. मला ते बघून चक्कर यायची.

तुमच्या कोळीवाड्यात एका घरातून दुसऱ्या घरात बोलायचं तर वारा ओलांडून बोलावं लागतं. म्हणून तू वॉर्डच्या या टोकाहून त्या टोकाला बोलायचीस आणि मधल्या सगळ्या पेशंटांना एकमेकांचे आजार कळायचे. आणखी एक आठवतं. आम्हा बाकीच्यांच्या अंगाला स्पिरिट आणि फिनेलचा वास असायचा. तू जवळून गेलीस की लिंबाचा वास यायचा. मला वाटलं, हिला लिंबू आवडतं. म्हणून ओळखीनंतरच्या तुझ्या पहिल्या वाढदिवसाला मी लिंबाच्या वासाचा साबण दिला. तू डब्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि इतकी हसलीस की सिस्टर बाहेर आल्या. "कारकुना, तू म्हणजे ना!" मी खूश. म्हणजे अचूक निदान! मग दर वर्षी तोच साबण. पुढे पगार वाढला तसा डबा मोठा झाला.

आणि तुझे ते रविवार. रविवारी सकाळची ड्युटी तू कधी घेतली नाहीस. त्याच्या बदल्यात दिवाळी घ्यायचीस, गणपती घ्यायचीस, कुणाची बहीण लग्न करत असली तर ती रात्र घ्यायचीस. का, असं विचारलं तर "घरी काम असतं रे." मी ठरवलं की देवीचं काहीतरी असणार. आणखी विचारलं नाही. गिरगावात आम्ही विचारत नाही, अंदाज करतो.

आपलं भांडण कशावरून होतं ते लोकांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल आपण प्रेमात होतो. तुझं म्हणणं असं की डॉक्टर पेशंटला तपासतो तेव्हा पुस्तक नंतर उघडतं, घर आधी. माझं म्हणणं असं की चांगला डॉक्टर घर वॉर्डबाहेर चपलांबरोबर ठेवून येतो. "ठेव ना," तू म्हणायचीस, "परत येताना दुसऱ्याचं घर घालून जाशील."

मग तू तो प्रश्न शोधून काढलास. नवा हाऊसमन आला की त्याला कँटीनच्या बाकावर बसवून विचारायचीस, "तुमच्याकडे आजारी माणसाला खायला काय देतात?" तो बिचारा सांगायचा. कुणी मुगाचं पाणी, कुणी ज्वारीच्या कण्या, मी मेतकूट-भात. मेतकूट-भाताला तू 'पांढरा आजार' म्हणायचीस. तुमच्याकडे आजाऱ्याला निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं कालवण, तेही असं तिखट की ताप घाबरून जावा. उत्तर ऐकून तू त्या पोराचं भविष्य सांगायचीस. "हा पेशंटला गप्प पडून राहायला सांगणार. ही सगळ्यांना खायला घालणार. आणि हा कारकून नातेवाइकांना बाहेर काढणार." आमच्या घरी आजारी माणूस म्हणजे लोटलेलं दार आणि दबके आवाज. तुमच्या घरी आजारी माणूस घराच्या मधोमध, आणि त्याच्या अंगावरून सगळ्या आळीचा कारभार.

मी चिडायचो, कारण तुझं भविष्य खरं व्हायचं. आठवते ती भाऊच्या धक्क्यावरची मावशी? पोट धरून असा आरडाओरडा की मी कागदावर लिहून टाकलं, 'रुग्ण घाबरलेली'. तू कागद वाचलास आणि म्हणालीस, "घाबरलेली? अरे, ही ओरडत नाहीये. ही बोलतेय. आता तिचं बोलणं ऐक." आणि त्या बोलण्यात तिच्या पित्ताशयाचा पत्ता होता.

पण मीही काही कच्चा नव्हतो. ते दादरचे निवृत्त हेडक्लार्क आठव. छत्री घेऊन आलेले. "जरा अस्वस्थ वाटतंय. तुमचं काम झाल्यावर बघितलंत तरी चालेल." तू त्यांना बाकावर बसवलंस. मी लांबून तो 'जरा' ऐकला आणि ट्रॉली, ट्रॉली म्हणून ओरडत धावलो. आमच्या घरात 'जरा' हा शब्द फक्त मरताना वापरतात! कार्डिओग्राम काढला तर हृदयविकाराचा झटका. तू हात जोडलेस. "कारकुना, तुमच्या लोकांत बुडतानासुद्धा 'जरा पाणी लागलं' म्हणतील." तेव्हा तू मान्य केलंस की घर कधी कधी माझ्याही उपयोगी पडतं. मी मात्र तुझं म्हणणं मान्य केलं नाही. मान्य केलं असतं तर भांडायचं कशावरून?

आणि मग विष्णू गावकर आला.

मालवणकडचा. लालबागच्या चाळीत राहणारा. मिलमध्ये चार साचे, म्हणजे माग चालवायचा, आणि हे तो नावाच्या आधी सांगायचा. "चार साचे चालवतंय," वर्तमानकाळात. साचे बंद पडून किती काळ लोटला होता ते सगळ्या मुंबईला माहीत होतं. पोटात अशा कळा यायच्या की गुडघे छातीशी घेऊन पडायचा, पण तोंडातून आवाज नाही. बायको सुमती उशाशी. "जेवाण जाणा नाय. दुखता तेव्हा दात चावतत, पण वरडूचे नाय." चेहरा पांढराफटक, शौचाला होत नाही. सर्जनसाहेबांनी पोट दाबून बघितलं, विचार केला आणि निर्णय दिला, "उद्या सकाळी उघडून बघू." उघडून बघू म्हणजे गावकराचं पोट. त्याच्या अंगात रक्त इतकं कमी होतं की आपल्या दोघांनाही ते 'बघू' आवडलं नव्हतं. पण त्यांना अडवायचं तर दुसरं काही नाव सांगायला हवं होतं, आणि आपल्याकडे नाव नव्हतं.

दुपारी मी त्याची जीभ बघायला तोंड उघडायला लावलं. हिरडीच्या काठाने, दातांच्या मुळाशी, एक रेष. निळसर काळी, काजळाची कड ओढल्यासारखी. मी असं कधी बघितलं नव्हतं. तुला हाक मारली. तू वाकून बघितलंस आणि खो खो हसलीस.

"मिशेरी! अरे, मिशेरी लावतो तो. गिरगावात काय चंदनाने दात घासता?"

गावकरानेही लगेच उशीखालून मिशेरीची डबी काढून दाखवली, साक्षीदार हजर करावा तशी. तुझ्या घरी आई मिशेरी लावते, आत्या लावतात, शेजारणी लावतात. काळी हिरडी बघतच तू मोठी झालीस. तुला ती दिसली आणि तू पुढे गेलीस. मी मात्र अशा घरातला, जिथे तंबाखू भाजायची असते हेच कुणाला ठाऊक नाही. मी पर्यटकासारखा त्या तोंडात बघत राहिलो. मग ओला कापूस घेऊन चोळलं. दातांवरचा तपकिरी डाग निघाला. रेष निघाली नाही. ती हिरडीवर नव्हती, हिरडीत होती.

मी लायब्ररीत पळालो. पुस्तकात होतं. शिसं. शिशाच्या विषाने अशी रेष येते, अशाच पोटात कळा येतात, असंच रक्त कमी होतं, आणि असं पोट उघडलं तर आत काही सापडत नाही. मी धापा टाकत परत आलो. तू विचारलंस, "आणि शिसं आलं कुठून?"

तिथे माझी हवा गेली. हकीकत तर मीच घेतली होती, ओळीने. व्यवसाय, विणकर. सध्या, घरीच. कापसात कसलं आलंय शिसं? "कापड विणायचा की बंदुकीच्या गोळ्या?" तू म्हणालीस, आणि मीच शरमून पुस्तक मिटलं. आमच्या घरात माणूस नोकरीवर असला तर नोकरीवर असतो आणि नसला तर घरी असतो. घरी असतो म्हणून कुणी सांगितलं तर ते खरंच असतं. त्यात खोटं बोलण्यासारखं काही असेल, हे माझ्या डोक्यातच येईना.

तू मात्र गेली नाहीस. स्टूल ओढलंस, गावकराची नाडी बघायला हात हातात घेतलास. घड्याळाकडे मात्र बघितलं नाहीस. हात उलटा केलास. नखांच्या कडा बघितल्यास. बोटं फाकवून मधली कातडी बघितलीस, घासून घासून ती गुलाबी आणि भेगाळलेली होती. आणि मग सगळ्यांच्या देखत तो हात नाकाशी नेलास.

मला वाटलं, ही कोळ्यांची काहीतरी तपासणी असणार.

"वहिनी," तू सुमतीला म्हणालीस, "खाली जाऊन चहा घेऊन या बघू. यांना नको, तुम्ही घ्या. सावकाश घ्या." ती गेली. मग तू, वॉर्डभर ऐकू जाणारी तू, इतक्या हळू बोललीस की मला पुढे वाकावं लागलं.

"रोज कुठे जाता, भाऊ?"

"खय नाय वो. गेटार जातंय, बसतंय, येतंय."

"मिलच्या गेटावर बसून येणारा माणूस हात इतके कशाला धुतो?"

मला लगेच दहा प्रश्न सुचले आणि तू डोळ्यांनीच मला दाबून ठेवलंस. मग तो बोलला. रे रोडच्या बाजूला जुनी जहाजं तोडतात. तिथे गॅसने पत्रे कापायला जायचा. पत्र्यावर रंगाचे थरावर थर. ज्योत लागली की रंग जळतो, धूर तोंडावर येतो. संध्याकाळी सार्वजनिक नळावर रॉकेल लावून हात घासायचे, मग साबण, मग वाळू. घरी सांगायचं, गेटवर होतो. "विणकर आसंय मी," तो म्हणाला. "चाळीत कळला तर म्हणतले, गावकरान मिल सोडली."

मिल त्याला सोडून केव्हाच गेली होती. ते त्याला सांगायची हिंमत आपल्यापैकी कुणाचीच नव्हती.

जहाजाचा जुना रंग म्हणजे शिसं. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. लाल पेशींवर बारीक निळे ठिपके. ते तू आधी बघितलेस आणि मला बघायला देईनास, ढकलाढकली झाली, काच फुटता फुटता वाचली. आपण दोघं धावत सर्जनसाहेबांकडे. ऑपरेशन रद्द. साहेब म्हणाले, "गुड. कुणाचं निदान?" आणि आपण दोघांनी एकाच वेळी सांगितलं, "माझं."

बस. तिथून सुरू झालेलं भांडण तू जाईपर्यंत चाललं.

पण आधी सुमतीचं. गावकर म्हणाला, बायकोला सांगू नका. पण पुन्हा तो धूर घेतला तर औषधाचा उपयोग नाही, तेव्हा सांगणं भाग होतं. तू तिला जिन्यात नेलंस, मी मागोमाग. आता रडारड होणार म्हणून मी रुमाल काढून तयार. तू अडखळत सुरुवात केलीस, "वहिनी, भाऊ रोज जातात ना, ते गेटवर..."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "अंगाक रॉकेलचो वास येता. माका काय नाक नाय?"

"मग विचारलं कसं नाही कधी?" हे मी.

तिने माझ्याकडे बघितलं, लहान मुलाकडे बघावं तसं. "इचारलंय असतंय तर तेंका खोटा बोलूचा लागला असता."

त्या वेळी तू एकदम पाठ फिरवलीस आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस. मला वाटलं, तुला सुमतीचं कौतुक वाटलं.

नंतर मी ही गोष्ट कुठे कुठे नाही सांगितली! लग्नांत, परिषदांत, दवाखान्यात पेशंट नसले की कंपाउंडरला. प्रत्येक वेळी हातवारे वाढले. शेवट मात्र तोच. रेष मी पाहिली, कारण मला मिशेरी माहीत नव्हती. घरच्या अज्ञानाने एका माणसाचं पोट वाचवलं! आणि काम तिने ओळखलं, कारण ती कोळीण. पिढ्यान् पिढ्या मासा ताजा की शिळा हे ओळखणारं नाक! लोक टाळ्या द्यायचे. तू समोर असलीस तर म्हणायचीस, "मासा आम्ही कल्ला उघडून बघतो रे, हुंगत नाही." मी म्हणायचो, "मग ओळखलंस कसं?" तू हसायचीस. "निदान माझं, एवढं लक्षात ठेव."

कसं, ते कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तुझ्याकडे उत्तर नाही. मी जिंकल्याच्या थाटात चहा मागवायचो.

शोकसभेनंतर मी कोळीवाड्यात गेलो. आई ओटीवर बसली होती, डोळे कोरडे. तिच्याभोवती बाजारातल्या बायका. मी चपला काढल्या तेवढ्यात त्यांच्यात कुजबुज झाली आणि एक जण मोठ्याने म्हणाली, "ह्योच काय तो साबनवाला?"

चंदा, त्या सगळ्या हसल्या. तुझ्या सुतकात. डोळे पुसत हसल्या. मी उभा, हातात माझी एक चप्पल.

"बस रं," आई म्हणाली. "तुझ्या साबनानी आख्खा बाजार हात धुवाचा. चंदी आणाची ना."

मी विचारलं, "बाजार?"

"मंग? आयतवारची बसाची ना माझ्याबरूबर. कालेजात होती तवापासून. डाक्टर झाली तरी बसाची. वहिनी घरात आली तवा सुटली." मग तिने तळहात तळहातावर घासून दाखवला. "बाजारातून उठली की लिंबू. ह्ये असं. कातडी निघंपर्यंत. मी म्हनायची, अगं, पुरे. तर म्हनाची, आये, वार्डात वास आला तर पोरं हसतील."

माझ्या त्या साबणाचा कुणाच्याच हाताला उपयोग व्हायचा नाही, हेही तिने सांगितलं. त्याने माशाचा वास जात नाही, त्याला लिंबूच लागतं. "पन टाकला नाय तिनी. म्हनाची, कारकुनानी दिलाय."

म्हणजे सगळा बाजार मला ओळखत होता. पाटीपाशी बसून तू त्यांना माझ्या गोष्टी सांगितल्यास, माझा तो 'जरा', माझं मेतकूट, माझे साबण. त्या बायकांनी तर माझी नक्कलसुद्धा करून दाखवली, आणि चांगली केली. मला तू बाजाराबद्दल अक्षर सांगितलं नाहीस. निवट्यांचं कालवण, होड्या, नारळी पुनवेचा नाच, सगळं मोठ्याने सांगायचीस. माझ्यासमोर तू कोळीण म्हणून मिरवलीस ती इतक्या जोरात की मागे काही लपलेलं असेल, असं वाटायला जागाच ठेवली नाहीस.

परत येताना मी टॅक्सीत सारखं माझं नाक चाचपत होतो. सुमतीला नाक होतं. तुला होतं. मी तुझ्याशेजारी बसून डबे खाल्ले, तुझ्या हातचे कागद घेतले, त्या लिंबाचा वास इतकी वर्षं घेतला, आणि निदान केलं 'आवडतं'.

आम्ही हसलो असतो का? हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय, आणि खरं सांगतो, कुतूहलाने विचारतोय. त्या वयातली ती पोरं डोळ्यांपुढे आणतो. एक जण नक्की काहीतरी बोलला असता. बाकीचे हसले असते. मी? मी बहुधा त्याची गोष्ट केली असती, हातवारे करून. चांगल्या मनाने केली असती, पण केली असती. तू मला ओळखत होतीस. म्हणून साबण घेतलास आणि बाजार स्वतःपाशी ठेवलास.

आणि आता ते जिन्यातलं. तू खिडकीकडे वळलीस ते कौतुकाने नव्हे, एवढं मला कळलंय. पुढचं कळत नाही, म्हणून तुला विचारतो. सुमतीने नवऱ्याला विचारलं नाही, कारण तिला माहीत होतं. मी तुला विचारलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, नाही का? रविवार गेले, वर्षं गेली, आणि हा गिरगावचा माणूस एका शब्दाने विचारत नाही, वर लिंबाचा साबण आणून देतो. तुला काय वाटलं, चंदा? कारकुनाला काही कळत नाही? की कारकुनाला सगळं कळतं आणि तो बोलत नाही? तू त्या डब्याकडे बघून हसलीस ते कशासाठी? मला वाटत आलंय तसं मी मूर्ख म्हणून, की...

हे बघ, पुन्हा अंदाज करायला लागलो.

गावकर पुढे किती वर्षं लालबागच्या नाक्यावर भेटायचा. वडापावची गाडी टाकली होती, सुमती तळायची, तो पाव कापायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "चार साचे चालवी होतंय." भूतकाळात. तुझी चौकशी करायचा. तुझ्याबद्दल 'ती डाक्टरीण' आणि माझ्याबद्दल 'तो तोंडात बघी होतो तो'. त्याच्या मिलच्या जागी आता काचेची इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना मी अजून मान वळवून बघतो, भोंगा होता ती बाजू.

माझ्या दवाखान्यात परवा मदतीला एक नवी मुलगी आली, डॉक्टर होऊन फार दिवस झाले नाहीत. तिला मी तुझा प्रश्न विचारला, तुमच्याकडे आजारी माणसाला खायला काय देतात? तिने सांगितलं. मग मी आपला आणखी एक प्रश्न जोडला, जो तू कधी विचारला नाहीस, आणि विचारला नाहीस ते का, हे आता मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "आणि घरून इथे येताना काय धुऊन येतेस?" ती दचकली. मी उत्तराचा आग्रह केला नाही. पण मनात आलेलं ते उत्तर ती विसरणार नाही, आणि एखाद्या पेशंटच्या हाताशी ते तिच्या उपयोगी पडेल.

तर आपलं भांडण मी इथे मिटवतो. तू त्या हाताचा वास घेतलास तेव्हा मासा पारखत नव्हतीस. घासून घासून गुलाबी झालेली ती कातडी तू दर रविवारी स्वतःच्या हातावर बघत होतीस. त्यात कोळ्यांचं नाक नव्हतं आणि पुस्तकही नव्हतं. ती तू होतीस. निदान तुझं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो, पण आता विचारलं तर तुझं नाव सांगेन, मोठ्याने, वॉर्डच्या त्या टोकापर्यंत.

हिरडी मात्र माझी. ती मी सोडणार नाही.

तुझा,
कारकून